काहीही होत नसलेला पेशंट

त्या वर्षी मला काहीही झालं नव्हतं, आणि त्याच दुखण्यानं मी आठवडाभर हैराण होतो.

आमच्या पेठेतल्या तालीम मंडळानं हिपॅटायटिस बी काविळीच्या तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. मी मंडळाचा सेक्रेटरी. काविळीवरचे माळा-उतारे सोडा, रक्त तपासून घ्या, असं दारोदार सांगत हिंडलो होतो. पण सुई बघून पैलवानच मागं सरकायला लागले, तेव्हा पहिला हात मलाच पुढं करावा लागला. काही त्रास होतो का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "ठणठणीत आहे."

"अशांसाठीच तर ही तपासणी. ही कावीळ अंगात असली तरी कित्येकदा बाहेर काहीच दिसत नाही."

माझी ऐट तिथंच जिरली.

रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. घरी येऊन मी शिबिराचं पत्रक वाचलं (वाटताना वाचलं नव्हतं!). डोळे पिवळे नसले तरी कावीळ असू शकते, भूक चांगली असली तरी असू शकते. माझे डोळे पांढरेस्वच्छ होते आणि नुकत्याच चार भाकरी हाणल्या होत्या. म्हणजे सगळी लक्षणं जुळत होती!

खाली लिहिलं होतं, दुसऱ्याचं ब्लेड वापरू नका. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि माझं दाढीचं ब्लेड एकच. मला काही असलं तर ते मी माझ्या हातानं आबांना दिलं होतं. रोज सकाळी मी आधी आरशात माझे डोळे ताणून बघायचो, मग आबांचे.

चौथ्या दिवशी आबांनी कारण विचारलं. ब्लेडचं सांगताना मला चक्क रडू फुटलं. आबा एस.टी.नं पेठ वडगावला गेले आणि एका वैद्याकडून काविळीची माळ घेऊन आले. ही माळ मुळीच्या तुकड्यांची असते. वाळेल तशी ती आपोआप लांबते, आणि लांबली की कावीळ उतरली असं लोक समजतात. मी म्हणालो, अख्ख्या पेठेला मीच माळ घालू नका म्हणून सांगितलंय.

"व्हय की," आबा म्हणाले. "पर काय बी हुईत नसताना बाईंनी तुझं रगात काढलं न्हवं? मग काय बी हुईत नसताना माळ घालाय काय जातंय?"

मी इतका घाबरलेला होतो की मुकाट्यानं माळ शर्टाच्या आत घातली.

रिपोर्ट आला. मला काहीही नव्हतं. आबांचं रक्त तपासून घेतलं, तेही स्वच्छ निघालं. घरात दुसरं ब्लेड आलं. पण तोवर माळ बेंबीपर्यंत उतरली होती, आणि सेक्रेटरीची कावीळ माळेनं गेली हे आबांनी पेठभर केलं होतं.

पुढच्या शिबिराला खुर्च्या रिकाम्या. निम्मी पेठ वडगावच्या एस.टी.त. लोकांना हे माळेचं खूळ लावलं कुणी, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर मी लोकांच्या अडाणीपणावर तावातावानं बोलायला लागलो. बोलता बोलता लक्षात आलं, बाई माझ्या कॉलरकडं बघताहेत. आबांनी त्याच सकाळी माझ्या गळ्यात नवी माळ बांधली होती.

"सेक्रेटरी, काही त्रास होतोय का?"

"काहीच नाही," मी मान खाली घालून म्हणालो, "म्हणूनच बांधलीय."