विश्वप्रवासी, मुक्काम बेहडटोला

१९५४ सालच्या अक्षय्य तृतीयेला सकाळी नऊ वाजता भोजराज टेंभरे गोंदियाहून जगाच्या प्रवासाला निघाला.

त्या काळी सायकलवर जग फिरायची साथच आली होती. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा दाढीवाला तरुण गोंदियात उतरे, शाळेत भाषण देई, हेडमास्तरांकडून आपल्या वहीत सही-शिक्का घेई आणि पुढल्या गावाला जाई. वहीत शिक्का नसेल तर माणूस त्या गावी गेलाच नाही, असा या धंद्याचा नियम होता. असे चार-पाच प्रवासी पाहिल्यावर गोंदियाच्या प्रतिष्ठित मंडळींना वाटू लागलं की आपल्या गावाचाही एक असावा. स्वतः जावं असं मात्र कुणाला वाटलं नाही.

भोजराज केशोरावांच्या राइस मिलमध्ये काट्यावर बसे. वय सव्वीस, मूळचा कामठ्याचा, पोवाराचा मुलगा. लग्न ठरेना म्हणून मोकळा. केशोराव व्याख्यानमालेचे अध्यक्ष, मिलचे मालक आणि सात गावांचे माजी मालगुजार. मालगुजारी तीन वर्षांपूर्वी सरकारनं काढून घेतली होती, म्हणजे कागदावरून. त्यांनी भोजराजला सायकल दिली. सायकल जुनी होती, पण तिच्या दांड्याला लावलेली ‘केशोराव राइस मिल, गोंदिया : विश्वप्रवास’ ही पत्र्याची पाटी अगदी नवी होती.

“जग पाहून ये, भोजराज,” हार घालता घालता केशोराव म्हणाले. “तिथं माणसं कशी राहतात ते आम्हाला येऊन सांग. आम्हाला इथं बसून काय कळणार?”

हे शेवटचं वाक्य अगदी खरं होतं, आणि ते केशोरावांच्या तोंडून चुकून निघालं होतं.

मुंबईपर्यंत सायकल, पुढं बोट, असा बेत होता. पण भोजराजनं एक चूक केली. वाटेत नातलग आहेत तर त्यांना भेटून जावं, असं त्यानं ठरवलं. पोवारांत नातलगाच्या गावावरून न जेवता पुढं गेलं, तर पुढल्या तीन लग्नांत त्याचा उद्धार होत राहतो. मावशीच्या दिरानं दोन दिवस ठेवून घेतलं. म्हणून आत्याच्या नणंदेनं तीन दिवस ठेवून घेतलं. रोज तीस मैल जायचं ठरलं होतं, त्याऐवजी रोज दोन पंगती होऊ लागल्या. जूनच्या मध्याला विश्वप्रवासी घरापासून बावीस मैलांवर पोचला. तेवढ्यात पावसानं रस्ते बुडवले, आणि चोरखमारा तलावाच्या पाटाच्या काठी, बेहडटोला नावाच्या गावाबाहेर, हिवतापानं त्याला सायकलीसकट आडवं केलं.

त्याला उचलून घरी नेलं ते मंगरूनं. मंगरू केशोरावांच्या बांधीत राबायचा. बांधी म्हणजे धानाचं शेत. पाटाला लागून त्याची स्वतःचीही एक चिंचोळी बांधी होती. त्याची बायको रुख्मा पंधरा दिवस भोजराजला पेज पाजत होती. तो शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं,

“कुठं चालले व्हते जी, बाबू?”

“जगाच्या प्रवासाला.”

“तिथं कोन हाय तुमचं?”

“कुणी नाही.”

“मंग कायले जाऊन रायले?”

याचं उत्तर केशोरावांच्या भाषणातही नव्हतं.

ताप गेला तेव्हा सायकलीचे टायर कुजले होते. परत जावं तर बॅंड लावून निरोप दिलेला; दोन महिन्यांत बावीस मैल, हा हिशेब गावाला कसा सांगायचा? पुढं जावं तर अंगात जीव नव्हता. तेव्हा भोजराज राहिला. आधी रोवणीपुरता, मग कापणीपुरता, मग पुढल्या रोवणीपुरता. तो मंगरूबरोबर चिखलात उतरे आणि रुख्माच्या हातचं जेवे. रुख्माची जात पोवारांच्या पंगतीत बसणारी नव्हती. तिच्या हातचं जेवण ही गोष्ट कामठ्याला कळली असती, तर लग्नाची उरलीसुरली आशाही संपली असती.

या मुक्कामाची नोंद ठेवली ती केवलराम गुरुजींनी. एका खोलीच्या शाळेचे ते एकटेच मास्तर होते आणि नियमाचे पक्के. भोजराजनं पहिल्याच शनिवारी मोठ्या हौसेनं वही पुढं केली. गुरुजींनी लिहिलं, “विश्वप्रवासी श्री. भोजराज टेंभरे आज येथे मुक्कामी आहेत. पुढील प्रवासास शुभेच्छा.” आणि शिक्का मारला. पुढल्या शनिवारी त्यांनी वही मागून घेतली.

“गुरुजी, झाला की एकदा.”

“एकदा कसा? तुम्ही आजही मुक्कामी आहात ना? मग नोंद नको?”

असे अडुसष्ट शनिवार झाले, आणि वहीत अडुसष्ट शुभेच्छा जमल्या.

बेहडटोल्यात भोजराजनं पुष्कळ पाहिलं. केशोरावांच्या तिथल्या कोठीसमोरून जाताना लोक पायताण हातात घेत. कोठीत कुणी राहत नव्हतं. लोक कुलपाला मान देत. पाटाचं पाणी पाळीनं मिळे. पहिली पाळी कोठीच्या बांधीची, दुसरीही तिचीच, आणि नंतर पाणी उरलं तर बाकीच्यांची. हे सगळं दिवाणजी हिरालाल सांभाळत. दिवाणजींनी भोजराजला मिलमध्ये शंभरदा पाहिलं होतं. पण चिखलातल्या माणसाच्या तोंडाकडे पाहायची त्यांना सवय नव्हती, म्हणून तो वाचला.

१५ ऑक्टोबर १९५५. धान पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. पहाटे भोजराज पाटाकडे गेला, तर दिवाणजी उभे राहून दोन गड्यांकडून पाटाचा बांध फोडून घेत होते. त्या दिवशी पाळी दुसऱ्यांची होती आणि तेवढा धीर कोठीच्या बांधीला नव्हता. पण गड्यांनी जरा जास्तच इमानदारीनं काम केलं. भगदाड वाढलं आणि उन्हं येईपर्यंत अकरा कास्तकारांचं उभं धान वाहून गेलं.

एवढं नुकसान झाल्यावर गुन्हेगार लागतोच. मंगरूची बांधी शेजारी होती आणि मंगरूजवळ कुदळ होती. दिवाणजींनी त्याला कोठीसमोरच्या मोहाच्या झाडाला दुपारपर्यंत बांधून ठेवलं, मग पोलिसांच्या हवाली केलं. पोलीस साक्षीदारांची नावं लिहून घेऊ लागले. भोजराजला आपलं नाव बेहडटोल्याच्या पंचनाम्यात दिसू लागलं. गुरुजींनी मात्र ठरल्या वेळी शिक्का मारला. संध्याकाळी विश्वप्रवासी सायकल ढकलत निघाला, तो थेट अर्जुनी मोरगावपर्यंत गेला. सगळ्या प्रवासातली त्याची ही सगळ्यात लांब मजल. तिथं लाकडाच्या टालावर त्यानं अडीच महिने काढले, दाढी वाढवली आणि जानेवारीत गोंदियाला परत आला.

जग पाहून आलेल्या माणसाचं स्वागत झालं; हार घालायच्या घाईत वही कुणी मागितली नाही. शाळेच्या हॉलमध्ये ‘परदेशातील माझे अनुभव’ हे व्याख्यान ठरलं. भोजराजनं नकाशाच्या पुस्तकातून देशांची नावं पाठ केली होती. पण बोलायला उभा राहिला आणि नुसत्या नावांवर दोन मिनिटंसुद्धा निघेनात. मग त्याला जे ठाऊक होतं तेच तो बोलू लागला.

“मी एका देशात गेलो होतो. नाव घेत नाही. आपल्या सरकारचे त्यांच्याशी संबंध चांगले आहेत.”

सभेला हा संयम आवडला.

“तिथं एका रिकाम्या घरापुढून जाताना लोक पायातली पायताणं हातात घेतात.”

“रिकाम्या?” वकील भाऊसाहेबांनी विचारलं.

“रिकाम्या. मालक दूर शहरात असतो. वर्षातून एकदा येतो, पीक निघाल्यावर.”

“काय हे रानटी लोक!” केशोराव म्हणाले. “आणि कायदा? तिथं कायदा नाही?”

“आहे ना. पण तो मालकाच्या ओसरीवर पानसुपारीला बसलेला असतो.”

हॉल हळहळला. मग भोजराजनं पाण्याची पाळी सांगितली, फोडलेला बांध सांगितला, झाडाला बांधलेला माणूस सांगितला. केशोरावांनी रुमालानं डोळे टिपले. “आपण किती सुखी आहोत, हे परदेश पाहिल्यावरच कळतं,” असं ते समारोपात म्हणाले आणि ‘त्या देशातील पीडित बांधवांबद्दल गोंदियाची ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते,’ असा ठराव एकमतानं मंजूर झाला. देशाच्या नावाची जागा कोरी ठेवली.

व्याख्यानं वाढली. फेब्रुवारीपर्यंत पाच झाली. केशोरावांनी भोजराजला काट्यावरून उचलून हेडक्लार्क केलं. कामठ्याहून एक स्थळही सांगून आलं. मुलीच्या बापाला जावई समुद्र ओलांडलेला हवा होता.

सहाव्या व्याख्यानाला हॉलच्या दाराशी रुख्मा उभी होती. शेवटपर्यंत तिनं सगळं ऐकलं. लोक पांगले तशी ती पुढं आली. भोजराजच्या गळ्यात हार होता. तो काढावा की ठेवावा हे त्याला कळेना.

“बाबू, तुमचा तो देश लय वंगाळ हाय जी,” ती म्हणाली.

भोजराजनं हॉलमध्ये कुणी उरलंय का ते पाहिलं.

“त्या झाडाले बांधल्या मानसाचं पुढं काय झालं, ते नाई सांगतलं तुमी. सुटला का नाई तो?”

“रुख्माबाई, इथं नको…”

“मंग कुठं? तिकडं मी बोटीनं येऊ का? मंगळवारी इथंच कोर्टात तारीख हाय. आमचा तर त्याच देशात मुक्काम हाय बाबू. तुमी पायलं व्हतं. तुमी नाई बोलले त मंगरू जेलात जाते. मले हार नाई पायजे, एक शब्द पायजे.”

“मी बोललो तर माझं इथं काय राहील?”

“अन् नाई बोलले त?” एवढं म्हणून ती निघाली. दारातून वळून म्हणाली, “पेज पाजली मनून नाई मनत जी मी. ते कोनालेई पाजतो.”

मंगळवारी भोजराज बचावाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला. बातमी आधीच पोचली होती. व्याख्यानमालेची मंडळी पहिल्या दोन बाकांवर बसली होती. विश्वप्रवासी एका गरिबाच्या चांगल्या चालीची साक्ष द्यायला आला, हा त्याचा मोठेपणा, असा त्यांचा समज. त्यानं मात्र शपथ घेऊन सांगितलं की पंधरा ऑक्टोबरच्या पहाटे आपण पाटावर होतो आणि बांध दिवाणजी हिरालाल यांनी फोडून घेतला.

दुसऱ्या बाजूचे वकील भाऊसाहेबच होते. ते हसत उठले.

“टेंभरे, पंधरा ऑक्टोबरला तुम्ही कुठं होतात?”

“बेहडटोल्यात.”

“सहा व्याख्यानांत तुम्ही सांगितलंत की परदेशात होतात. या कोर्टात बसलेले सतरा प्रतिष्ठित गृहस्थ शपथेवर तसं सांगतील. मीही सांगेन.”

सतरा माना हलल्या. मॅजिस्ट्रेटसाहेब चष्म्यावरून पाहू लागले. एका बाजूला सतरा प्रतिष्ठित, दुसऱ्या बाजूला एक साक्षीदार. आणि हा एकटा आपणच खोटं बोललो होतो असं म्हणतोय. खोटं बोलल्याचं खरं सांगणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, याची तरतूद कायद्यात सापडेना.

तेव्हा भोजराजनं पिशवीतून वही काढली.

साहेबांनी पानं उलटली. एक शिक्का, दुसरा शिक्का, तिसरा. पुढं पाहिलं, मागं पाहिलं.

“हा सगळा एकाच शाळेचा शिक्का आहे?”

“होय साहेब.”

“जगाच्या प्रवासाची वही आहे ना ही?”

“होय साहेब. तेवढंच जग झालं.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. केशोराव हसले नाहीत. आपण कोणत्या देशासाठी डोळे टिपले होते, ते त्यांना आत्ता कळत होतं. मागच्या बाकावर बसलेल्या गुरुजींना पुकारलं. वही हातात घेऊन गुरुजींनी आधी शाई तपासली.

“अडुसष्टावी नोंद माझीच. तारखेत चूक नाही, साहेब. शनिवार होता. हे त्या दिवशी मुक्कामी होते. नसते तर मी शिक्का मारला नसता.”

मंगरू सुटला. बांध कुणी फोडला ते सिद्ध झालं नाही. दिवाणजींसारखा माणूस पहाटे उठतो हे कुणाला पटण्यासारखं नव्हतं, त्यामुळे निकालपत्रापुरता बांध आपोआप फुटला.

गोंदिया मात्र खवळलं. दिवाणजींवर कुणी रागावलं नाही. राग होता भोजराजवर, त्यानं गावाला फसवलं म्हणून. व्याख्यानमालेची तातडीची सभा भरली. मागल्या ठरावात व्यक्त केलेलं तीव्र दुःख परत घेण्यात आलं; कारण सदर प्रकार परदेशात घडला नसून आपल्याकडेच घडला असल्यानं दुःखाचं प्रयोजन उरत नाही, असं इतिवृत्तात लिहिलं आहे. कामठ्याचं स्थळ मोडलं. केशोरावांनी माणूस पाठवून सायकलीवरची पाटी उचकटून नेली. सायकल ठेवली, ती नेण्यासारखी नव्हती.

हेडक्लार्कची खुर्ची गेल्यावर भोजराजला जायला एकच ठिकाण होतं. शनिवारी दुपारी सायकल ढकलत तो बेहडटोल्याला पोचला. शाळेच्या दारात गुरुजी उभे होते.

“वही?”

“कोर्टात जमा आहे, गुरुजी.”

गुरुजींनी नाराजीनं मान हलवली. आत जाऊन नवी वही आणली, रेघा आखल्या आणि लिहिलं, “विश्वप्रवासी श्री. भोजराज टेंभरे आज येथे मुक्कामी आहेत.”

पुढं भोजराज तिथंच राहिला. मंगरूच्या बांधीशेजारी खंडानं बांधी घेऊन धान लावू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुरुजींचा मध्य प्रदेशाचा शिक्का गेला आणि मुंबई राज्याचा आला. १९६० च्या मे महिन्यात तोही गेला आणि महाराष्ट्राचा आला. जागचं न हलता भोजराजनं तीन राज्यं पालथी घातली आणि तिन्हींचे शिक्के वहीत घेतले.

तिन्ही राज्यांत पाण्याची पहिली पाळी कोठीचीच होती. फरक एवढाच की कोठीसमोरून जाताना भोजराज आणि मंगरू हे दोघं पायताण घालून जाऊ लागले होते. तिसरी रुख्मा, पण ती मुळात अनवाणीच असायची, त्यामुळे तिची नोंद कुठं करावी हे गुरुजींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.