हंस ऐकणारे मास्तर

मी आज बी.ए. आहे तो निपाणीच्या माझ्या इंग्रजीच्या मास्तरांमुळे, आणि साऱ्या निपाणीत आजारी माणसाला यमापेक्षा जास्त भीती वाटायची तीही याच मास्तरांची.

याला कारण एक इंग्रजी वाक्प्रचार. 'स्वॉन साँग', म्हणजे हंसगीत. कलावंताची अखेरची कृती. जन्मभर मुका राहिलेला हंस मरताना एकदाच गोड गातो, अशी जुन्या ग्रीक लोकांची समजूत होती, त्यावरून हा शब्द आला. इथवर पुस्तकात होतं. मास्तर पुढे जात. "प्राण गेला की आपण 'हंस उडाला' म्हणतो, ते काय उगीच? ग्रीकांचा हंस तळ्यात, आपला छातीत. मग आपला गात नसेल कशावरून?" हे पडताळण्यासाठी, कुणी अत्यवस्थ आहे असं कळलं की मास्तर काळा कोट चढवून त्याच्या उशाशी जाऊन बसत, डोळे मिटून, उजवा कान पुढे करून. तंबाखूच्या वखारीचे म्हातारे मालक तर त्यांना दारात बघताच अंथरुणातून ताडकन उठून बसले. "मास्तर, मला गाणं येत न्हाय! घरला जावा!" त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. पण एकदा कुंभार गल्लीतल्या एका घरातून मास्तर बाहेर आले ते पांढरेफटक होऊन. मी विचारलं, "ऐकलंत?"

"गाणं नव्हतं रे. कुणीतरी आतून कडी वाजवत होतं."

मॅट्रिकच्या परीक्षेला बेळगावला निघायचं, त्याच सकाळी माझ्या वडिलांची शुद्ध हरपली. मी पिशवी खाली ठेवली. आमच्या घराण्यात शाळेत गेलेला मी पहिला. परीक्षा हुकली तर शाळा संपली आणि औत हातात, हे ठरलेलं. एवढ्यात दारात मास्तर. आई किंचाळलीच, "मास्तर, आत येऊ नगासा! आमचं माणूस अजून हाय!"

"म्हणूनच आलोय, वहिनी," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तू जा. तुझ्या वाटचं मी ऐकतो."

मी गेलो. परतलो तेव्हा वडील गेले होते. मास्तर अंगणात उभे होते. "गायले," ते हळूच म्हणाले. "औताला हाक देतात ना, तसं. 'सरज्या, वळ रं, सांज झाली.'"

आमच्याकडे सरज्या नावाचा बैल मी कधी पाहिला नव्हता. मास्तरांनी माझं मन राखलं, असं समजलो. बी.ए. झाल्यावर आईला बेळगावात, अनगोळच्या माझ्या खोलीवर आणलं, तेव्हा एकदा जेवताना सहज हे बोललो. तिचा घास हातातच राहिला.

"सरज्या? त्यो तुझ्या जल्माआधी मेला रं. त्येचं नाव तुझ्या बापानं परत कदी काडलं न्हाय. आन मी तर उशालाच बसलेली. त्येंनी ओठबी हलवलं न्हाईत."

ताट तसंच ठेवून मी मास्तरांना पत्र लिहायला बसलो.

"गुरुवर्य मास्तरांस साष्टांग नमस्कार. मला इथल्या शाळेत नोकरी लागली. त्या सकाळी तुम्ही मला घालवलं नसतंत, तर हे झालं नसतं. सरज्याचं नाव तुम्हाला कसं कळलं, हे मी विचारत नाही. आईही विचारू नको म्हणते. उशाशी मी असतो तरी मला काही ऐकू आलं नसतं, हे आता कळतं. आईचा एवढाच निरोप आहे, सवडीनं उत्तर द्यावं: हाक देताना त्यांचा आवाज दमलेला होता का?"