पेट्रोलमधलं स्पिरिट आणि बापूंची माळ

पंपावर नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. टाकी भरेपर्यंत ड्रायव्हरला दुसरं काम नसतं, मग तो बोलतो! मी नगर-सोलापूर रस्त्यावर, मिरजगावजवळच्या पंपावर होतो. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या त्या दिवसांत पेट्रोलचा भाव असा चढत होता की लोक भरायला कमी आणि बोलायलाच जास्त थांबायचे. सगळं काही आठवत नाही. जे आठवतंय ते सांगतो.

*

आमचा भावाचा बोर्ड पत्र्याचा होता. भाव बदलला की गावातला पेंटर यायचा, जुना आकडा पुसायचा, नवा रंगवायचा. एकदा त्याचा रंग वाळतोय तोच नवा भाव आला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्यानं पूर्ण बोर्ड झकास रंगवला. वर ‘पेट्रोल’, खाली ‘दर लिटर’, आणि मधली जागा कोरी!

“अरे, आकडा?” मी विचारलं.

“तो तुमी खडूनं लिवा, नाना. सरकारच्या मागं पळायचं पेंटरचं काम न्हाई!”

मी खडूचा डबा आणून ठेवला. भाव चढत गेला तसे ते खडू चांगलेच उपयोगी पडले.

*

नगरजवळच्या सावेडीचे एक सर स्कूटरवरून सासुरवाडीला मिरजगावात यायचे. भाव वाढल्यावर एकदा आले ते घामानं थबथबलेले.

“उतारावर इंजिन बंदच ठेवतो,” त्यांनी अभिमानानं सांगितलं. “फुकट जाते गाडी!”

“आणि चढावर?”

“चढावर ढकलतो. व्यायाम होतो.”

“मग सर, चालवता कुठं?”

सरांनी इकडं तिकडं पाहिलं. “गावाच्या वेशीपासून सासऱ्यांच्या दारापर्यंत. जावई स्कूटर ढकलत आला म्हणजे कसं दिसतं ते!”

*

त्याच सुमारास पेपरात आलं की साखर कारखान्यांच्या मळीपासून जे स्पिरिट, म्हणजे दारूच, निघतं, ते आता पेट्रोलमध्ये मिसळायचं म्हणून घाटतंय. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही. झालं! ‘मिसळायचं घाटतंय’ याचं ‘मिसळतात’ व्हायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

आमचा भानुदास जीपवाला तर त्या दिवसापासून प्रत्येक बिघाड स्पिरिटवर ढकलायला लागला. गाडी सकाळी सुरू झाली नाही, स्पिरिट. ॲव्हरेज पडलं, स्पिरिट. एकदा पंक्चर टायर घेऊन आला आणि तिथंही तेच.

“पंक्चरचा आणि स्पिरिटचा काय संबंध रे?” मी वैतागून विचारलं.

“न्हाई कसा? गाडी पिऊन झुलती, नाना! रस्ता सोडून बाभळीच्या काट्यावर जाती!”

*

भानुदासची चेष्टा निराळी. सावळेरामबापूंचं मात्र तसं नव्हतं.

बापू आमच्या पंपाशेजारच्या जीप स्टँडवरचे सगळ्यात जुने जीपवाले. माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब जन्मात ओठाला लागलेला नाही. आणि आमच्या रस्त्यावर एक रीत होती. कुणाची गाडी पेट्रोलावाचून अडली की दुसऱ्यानं आपल्या टाकीत रबरी नळी घालू द्यायची. पण नळीला तोंड लावून पेट्रोल ओढायचं ते ज्याची गाडी अडली त्यानंच! ओढताना घोटभर तोंडात यायचंच. मग थुंकायचं, चूळ भरायची, पुढं निघायचं.

पेपर ऐकल्यावर बापूंनी जाहीर केलं, “आता नळीला तोंड लावणार न्हाई. दारू तोंडात गेली की माळ तुटली.”

“बापू, गाडी पितीय,” भानुदास म्हणाला. “तुमी कुठं पिताय?”

“गाडीच्या गळ्यात माळ न्हाई, भानुदास!”

बापू त्या दिवसापासून प्रत्येक खेपेला टाकी काठोकाठ भरायला लागले. मला मनातून त्यांचं हसू यायचं, हे कबूल करतो.

*

शेवटी मीच म्हटलं, तपासून टाकू. बाटलीत अर्धं पाणी घ्यायचं, वर पेट्रोल ओतायचं, हलवून ठेवायचं. स्पिरिट असलं तर ते पाण्यात उतरतं आणि खालचं पाणी वाढलेलं दिसतं. बापूंनी पाण्याच्या पातळीला बरोब्बर दोरा बांधला. भानुदासनं बाटली हातात घेतली आणि घुसळण केल्यासारखी हलवली!

बाटली खाली ठेवली. सगळे वाकले.

“वाढलं!” भानुदास ओरडला.

“काही वाढलेलं नाही,” मी म्हणालो. “तुझ्या हातानं दोरा खाली सरकलाय.”

बापूंनी दोरा बोटानं वर सरकवून पाहिला. मग सुस्कारा सोडून म्हणाले, “म्हंजे माझी माळ आता ह्या दोऱ्यावर आली म्हना की!”

पुन्हा तपासायला बाटली घेतली, तर ती भानुदासच्याच हातून फुटली.

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण. भर दुपारी कळा सुरू झाल्या. मिरजगावची सुईण घाबरून म्हणाली, “हे माझ्या हातचं न्हाई, नगरला न्या.” बापूंनी जीप काढली. मागं बायको आणि माझी आई, पुढं मी. रुईछत्तिशी जवळ आली आणि गाडी आचके देत बंद पडली. दगड उडून टाकीला लागला होता. सकाळी काठोकाठ भरलेलं पेट्रोल रस्त्यावर सांडत आलं होतं!

बापूंनी आईच्या पिशवीतला साबण घेतला, मळून भोकावर दाबून बसवला. पण टाकी कोरडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दहा पावलांवर, वळणाला, फक्त भानुदासची जीप उभी, ॲक्सल मोडलेली. तो एसटीनं नगरला नवा ॲक्सल आणायला गेलेला. टाकीत पेट्रोल मात्र होतं.

बापूंनी नळी काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मला समजलं. मी नळी घेतली. पण पंपावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला नळीनं पेट्रोल ओढायची वेळ कधी आलीच नव्हती! पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा घशात गेलं, ठसका लागला आणि मी ओकलो. मागून बायको ओरडली. मी आयुष्यात इतका घाबरलो नाही, ना त्याआधी ना त्यानंतर.

बापूंनी माझ्या हातातली नळी काढून घेतली. दुसऱ्या हातानं गळ्यातली माळ काढली आणि आईच्या ओंजळीत ठेवली.

“मावशी, जरा धरा.”

खाली बसले. एक लांब ओढ घेतली. थुंकले. जीपमधला डबा भरून आमच्या टाकीत ओतला.

नगरला पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी बाहेर आलो तर बापू दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. आई त्यांच्यासमोर उभी होती, माळ तशीच ओंजळीत. माळकऱ्यांच्या घरात वाढलेली बाई, तिला विचारल्याशिवाय राहवेना.

“बापू, खरं सांगा. दारू हुती का त्यात?”

बापूंनी तिच्यापुढं मान वाकवली.

“मावशी, दारूची चव कशी असती, त्ये मला कुठं ठावं हाय?”

आईनं माळ त्यांच्या गळ्यात घातली.