तळ्याकाठी राहून गेलेली पूजा

बायकोला समाधी दिली त्या दिवशी चाकूरहून आणि उदगीरहून आलेले नातेवाईक आमच्या लातूरच्या घरात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. "नेमाची बाई होती. नेमानंच नेली." कुणी तपशील विचारला की लेक सांगायची: तिकडे डोंगरात पूजा झाली नव्हती म्हणून अव्वानं काही खाल्लं नाही, इन्सुलिन घेतलेलं असून खाल्लं नाही, आणि अप्पांना मात्र खाल्लं म्हणून सांगितलं. मी शेजारी बसून मान हलवत होतो.

बायकोनं मला असं काही सांगितलं नव्हतं. झालं ते असं.

लेक नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला राहते. एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. उन्हाळ्यात तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तिथं त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. क्षितिजापर्यंत उतरतो आणि तिथूनच पुन्हा वर चढतो. बायकोला त्याची फार गंमत वाटायची. "ह्या सूर्याला घरदार न्हाई वाटतं," म्हणायची. "सारखा आपला दुसऱ्याच्या दारात उभा." पण तिला एक अडचणही होती. पूजेची सकाळ धरायची कुठून? शेवटी तिनं ठरवलं, गजर वाजला की सकाळ.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. रोज आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि थोडा वेळ त्याच्याकडे एकटक पाहत बसायचं. ते होईपर्यंत पोटात अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. बायकोनं हा नेम अगदी लहानपणापासून पाळला होता. बाळंतपणातही तिनं तो सोडला नव्हता. मी माझं लिंग नांदेडला कॉलेजात असतानाच काढून ठेवलं होतं. होस्टेलच्या नळावर उघड्यानं आंघोळ करताना पोरं डबीला बोट लावून विचारायची, "काय रे अप्पा, तंबाखू ठेवतोस का यात?" त्यांच्याबरोबर मीही हसायचो. मग एक दिवस ती डबी ट्रंकेत गेली. पुढे चाकूरच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता मी मुख्याध्यापक झालो, आणि हे सगळं आपण वैचारिक कारणानं सोडलं असं लोकांना सांगू लागलो.

बायकोला साखरेचा आजार जडल्यापासून तिला सुई मीच टोचायचो. रोजचा क्रम पक्का होता. आंघोळ, पूजा, सुई, मग लगेच खाणं.

लेकीनं आमच्यासाठी एका दिवसाची पायी सहल ठरवली होती. गाईड बरोबर, चाल सोपी. लेकीची त्या दिवशी ड्युटी होती. आदल्या दिवशी पिशवी भरताना तिनं मला बजावलं, "अप्पा, गाईडला अव्वाच्या शुगरचं आधी सांगा. आणि तिला खाऊ घालूनच निघा."

"रोज कोण बघतं तिचं? तू बघतीस का?" मी म्हणालो.

"तुम्हीच बघता. म्हणून तर सांगून राहिले."

सकाळी आम्हाला उशीर झाला. खिडक्यांना काळे पडदे होते, त्यातून काही कळत नव्हतं, आणि गजर वाजला तेव्हा मीच तो बंद करून पुन्हा झोपलो होतो. बायकोची आंघोळ होऊन ती आसनावर बसतेय तोवर खाली व्हॅन येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "सुई आत्ता देऊन टाकतो. पूजा तिथं उतरल्याबरोबर कर, पाण्याच्या काठी. झाली की लगेच खा."

"तितं जमल का?"

"न जमायला काय झालं? कैलासावर काय देवघर बांधलंय?"

ती हसली. पोटावरचा पदर तिनं स्वतःच बाजूला केला. मी सुई दिली. हा क्रम मी बदलला, तिनं नाही. तिनं लातूरहून आणलेली बेलाची सुकलेली पानं, भस्माची डबी आणि छोटा तांब्या पिशवीत घेतला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. जिना उतरताना, लेकीनं घेऊन दिलेल्या माझ्या अंगातल्या निळ्या फुगीर जाकिटाकडे बघून ती म्हणाली, "अर्धापूरच्या मळ्यात केळीच्या घडाला निळी पिशवी घालत्यात, तसे दिसून राहिलात."

"आणि तू?"

"मी बी तशीच. पर माझा घड पिकलाय."

व्हॅन बराच वेळ चालली. उतरलो तिथं पाणी नव्हतं, नुसता खडीचा वाहनतळ होता. आमच्याबरोबर एक जर्मन जोडपं होतं, आमच्याच वयाचं, पण ताठ, हातात काठ्या. गाईड तिशीतली, अंगानं दणकट, लांब वेणी घातलेली बाई. तिनं सगळ्यांना उभं करून इंग्रजीत सांगितलं, इथून पुढे साधा फोन लागत नाही, माझ्याजवळ उपग्रहाचा फोन आहे, पण मदत यायला वेळ लागतो. मग एकेकाला विचारलं, काही आजार? औषधं?

जर्मन म्हातारा म्हणाला, हृदयाची गोळी चालू आहे. सहज म्हणाला. बायकोला इंग्रजी येत नव्हतं. तिच्या वतीनं मी उत्तर दिलं, "काही नाही. आम्ही शेतकरी घरातली माणसं, चालायची सवय आहे." का म्हणालो? तिला परत पाठवतील अशी थोडी भीती होती. पण त्याहून जास्त हे होतं की एवढ्या लांबून येऊन मला आम्ही दुबळे दिसायला नको होतो.

वाट अशी नव्हतीच. दगडांवर लाल रंगाची खूण असायची, ती बघत जायचं. झाडं गुडघ्याएवढी. पायाखालचं शेवाळ नव्या गादीसारखं दबायचं आणि बुटात गार पाणी शिरायचं. वारा थांबला की डासांचे थवे तोंडावर यायचे. लांबवर माळ पसरलेला, आमच्या बालाघाटच्या माळासारखाच उघडा, पण त्यावर ना गुरं, ना देऊळ, ना कुणाचा आवाज. रेनडिअरचा एक कळप टेकाडावर उभा राहून आमच्याकडे पाहत होता. बायको म्हणाली, "हितं माणूस मेला तर सांगायला बी कुणी जाणार न्हाई." मी म्हणालो, गप चाल.

मग तळं आलं. स्वच्छ, काळंशार, पलीकडच्या काठाला अजून बर्फ. गाईडनं थांबायला सांगितलं आणि छोटी शेगडी पेटवून कॉफी ठेवली. जर्मन जोडपं डबे उघडून बसलं. बायकोनं पिशवी खाली ठेवली, बूट काढले आणि माझ्याकडे वळली.

"अवो, बसू का हितं? पाणी लई चांगलं हाय."

पूजेसाठी याहून चांगली जागा मिळाली नसती. मी आजूबाजूला पाहिलं. जर्मन बाईच्या गळ्यात मोठा कॅमेरा होता. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते असं: कपाळभर भस्म फासलेली, अनवाणी म्हातारी, तळहातावर दगड घेऊन डोळे ताणून बसलेली. आणि तो कॅमेरा. आणि मग गाईडचा प्रश्न, आणि मला द्यावं लागणारं उत्तर.

"इथं नको," मी म्हणालो. "सगळे बघतात. पुढं एकांत बघून बसू."

"बघू द्या की. मी काय चोरी करून राहिले का?"

"सांगितलं ना, पुढं."

तिनं बूट पुन्हा घातले. नाडी बांधायला तिला वाकवत नव्हतं, ती मी बांधून दिली. गाईड बिस्किटं घेऊन आली तेव्हा बायकोनं हात जोडून नको म्हटलं. गाईडनं मला विचारलं, "यांनी काही खाल्लं आहे ना?"

मी म्हणालो, "हो. घरून भरपूर नाश्ता करून निघालोय."

पुढे एकांत मिळालाच नाही. डोंगरावरून धुकं खाली आलं. गाईड म्हणाली, आता थांबायचं नाही. बर्फ वितळून दुपारी नदीचं पाणी चढतं, त्याआधी पलीकडे गेलं पाहिजे. सगळे भराभर चालू लागले. बायको मागे पडायला लागली. मी तिचा हात धरला तर तो घामानं ओला होता. त्या थंडीत घाम. तिच्या ओठांची हालचाल चालली होती आणि ती माझ्याशी बोलत नव्हती, तिच्या आईशी बोलत होती. ही लक्षणं मला पाठ होती. घरी दोनदा असं झालं होतं, दोन्ही वेळा मी चमचाभर साखर तोंडात घालून तिला शुद्धीवर आणलं होतं. माझ्या खिशात खडीसाखर होती. ती पुढे केली.

तिनं मान वळवली. "पूजा न्हाई झाली माझी."

तेव्हा मी गाईडला हाक मारायला हवी होती. ती हाकेच्या अंतरावर होती. पण हाक मारायची म्हणजे सकाळपासून दोनदा खोटं बोललो ते सांगायचं. नदी ओलांडून झाली की बसवू, मी स्वतःला म्हणालो. तेवढ्या वाटेत काय होतंय.

नदीच्या काठावर गोल, गुळगुळीत दगड होते. तिथं ती पडली. घसरली नाही, पायच गेले तिचे. कमरेवर पडली आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. गाईड धावत आली. तिनं कपाळाला हात लावला, डोळे पाहिले आणि मला विचारलं, "डायबेटिस?"

"हो."

"इन्सुलिन?"

"हो."

तिनं माझ्याकडे एकदा नुसतं वर पाहिलं. मग पिशवीतून मधाची पुडी काढून बोटानं बायकोच्या हिरड्यांना मध चोळत राहिली, जर्मन बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि मी बाजूला उभा होतो. हेलिकॉप्टर येईपर्यंत तसाच.

हॉस्पिटलमध्ये लेक कामाच्या कपड्यांतच धावत आली. गाईड तिच्याशी तिकडच्या भाषेत बोलली. मग लेक माझ्याकडे आली. "अप्पा, त्या म्हणतात तुम्ही सांगितलं अव्वानं खाल्लंय."

मी म्हणालो, "मला तिनं तसं सांगितलं. मी जाकीट घालत होतो. म्हणाली, खाल्लं. आता तिचा नेम तुला माहीतच आहे." शुगरचं गाईडला का सांगितलं नाही, या प्रश्नाला म्हणालो, तिनंच सांगू दिलं नाही. दोन्ही वाक्यं अगदी अडखळल्याशिवाय आली. बायको आत बेशुद्ध होती.

खुब्याचं ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा लेक तिच्यावर ओरडली. रडत ओरडली. "दगडापायी मेली असतीस अव्वा! त्या दगडापायी! वर आणि अप्पांना खोटं सांगतीस?"

बायकोनं लेकीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे. मी खिडकीकडे तोंड केलं.

"चुकलं माझं, बाळे," ती म्हणाली.

लेकीनं तिच्याकडून वचन घेतलं. आधी खायचं, मग पूजा. बायकोनं ते दिलं. लातूरला परत आल्यावर ती पलंगावरून फारशी उठलीच नाही. रोज सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. "अव्वा, खाऊन दाखव." बायको कॅमेऱ्यासमोर दशमीचा घास तोंडात घालायची, चावायची आणि गिळून दाखवायची. त्यानंतर लिंग हातात घ्यायची, पण पूर्वीसारखी त्याच्याकडे बघत बसायची नाही. पुसून परत डबीत ठेवायची. हळूहळू ते रोज घेणंही राहिलं.

एकदा मी तिला विचारलं, "सांगू का पोरीला खरं?"

ती छताकडे पाहत म्हणाली, "आता काय सांगता. ती तिकडं एकटी हाय. माझ्यामागं बाप तरी राहू द्या तिला."

मला सुटल्यासारखं झालं. हेही लिहून ठेवतो. तिनं मला गप्प बसायला सांगितलं, ही सबब मी ती असेपर्यंत आणि गेल्यावरही वापरली. ती हिवाळ्यात गेली. तळहातावर लिंग ठेवून तिला समाधीत बसवलं, तेव्हा ते हातात राहावं म्हणून बोटं मीच मिटली. ती गार होती आणि मिटायला तयार नव्हती.

परवा लेकीचा फोन आला. आईच्या पुण्यतिथीला काय करायचं ते विचारत होती. बोलता बोलता म्हणाली, "तिच्या हट्टाचा मला अजून राग येतो अप्पा. काही केल्या जात नाही." त्यावर मी तिला सगळं सांगितलं. सुई, तळं, कॅमेरा, खिशातली खडीसाखर, हॉस्पिटलमध्ये बोललो ती दोन वाक्यं.

मग तिनं विचारलं, "मी रोज सकाळी तिला पूजेआधी घास गिळायला लावत होते. तेव्हा तुम्ही कुठं असायचा?"

"शेजारीच."

"फोन कोण धरायचं, अप्पा?"

"मीच धरायचो," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही, आणि मी केलेला ती उचलत नाही.