अण्णाच्या खिशातला पाना

मंडळी, आज महिन्यानं सदलग्यातलं आमचं वेल्डिंगचं दुकान उघडलो. माझा थोरला भाऊ, अण्णा, वारल्यापासनं बंदच हुतं.

ग्राइंडरची चकती बदलायची हुती, पण तिचं नट खोलायचा दोन दातांचा पानाच मिळंना. घरी वहिनीला फोन लावलो.

"त्यांच्या शर्टाच्या खिशातच असायचा की," ती म्हणाली.

अण्णाचे कपडे तिसऱ्या दिवशी मीच नदीत सोडलतो. खिसे बघायचं सुचलंच न्हाय.

शेवटी लोखंडी पट्टीला दोन खिळे वेल्डिंग करून पाना केलो. चकती बसली.

त्या दिवशी बाकीचे कपडे वाहत गेलते. शर्ट तेवढा काठालाच बुडाला. मला वाटलं, अण्णाचा पाय निघंना.

आज खरं कारण कळलं. तरी मला पहिलंच खरं वाटतंय. तुमचं बी कधी असं हुतंय का?