न वाचलेलं शेवटचं पुस्तक

धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशींचं डोकं त्या संध्याकाळी इस्त्रीपेक्षा जास्त तापलं. का तापू नये? वाचनालयातलं त्यांच्या लाडक्या लेखकाचं कपाट रिकामं! जिथे परग्रहावरची माणसं नि पाण्याखालची शहरं गुण्यागोविंदानं नांदत होती, तिथे आता ‘झटपट श्रीमंत व्हा’ छापाची पुस्तकं ऐसपैस बसली होती.

तरुणपणी कारखाना सुटल्यावर दुखरे पाय टेकायला म्हणून मावशी इथे शिरल्या होत्या. हाताला लागलेल्या पुस्तकातली बाई बिघडलेलं यान दुरुस्त करता करता वरिष्ठांना शिव्या घालत होती. मावशींना ती तिथल्या तिथे आपली वाटली. तेव्हापासून रोज घरी जाण्याआधी त्याच लेखकाचं काहीतरी वाचायचं, हा नेम. जाऊबाई चिडवायच्या, “आमच्या ताईंचं माहेर मंगळावर आहे हो!”

“असू दे. तिथे टोमणे तरी मारत नाहीत,” मावशी म्हणायच्या.

पुस्तक घरी मात्र त्यांनी कधी नेलं नाही. घरात पोरांचा धुमाकूळ. पान फाटलं तर पुढच्यानं काय वाचायचं? आणि लेखक वारला, तेव्हा त्याचं शेवटचं पुस्तक त्यांनी मुद्दाम वाचायचं राखून ठेवलं. ते संपलं की आपला माणूस पुरता गेला, असं त्यांना वाटायचं.

“पुस्तकं कुठायत?” त्यांनी नव्या ग्रंथपालांना विचारलं.

“रद्दीत काढलीत. संगणकात बघा ना, कित्येक वर्षांत कुणी घरी नेलेली नाहीत. वाचकच नाही.”

“मग मी काय इथे बसून माश्या मारत होते?”

ग्रंथपाल हसले. “चिडू नका मावशी. गठ्ठे अजून मागच्या खोलीत आहेत. सगळे घेऊन जा, फुकट.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला घरी कपाट सजवायचं नाहीये! मला ती इथे सापडली, कुणी न सांगता. उद्या एखादी दमलेली पोरगी इथे येऊन बसली, तर तिला काय सापडेल?”

“नियम आहे हो. घरी नेलं जाईल तेच पुस्तक राहील.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी इस्त्री खात्यातल्या झाडून सगळ्या बायका वाचनालयात आणून उभ्या केल्या. ज्यांचं कार्ड नव्हतं त्यांनी उभ्या उभ्या काढलं. “मी वाचत बिचत नाही हां,” एक कुरकुरली. “ने तर आधी, मग बघू,” म्हणून मावशींनी तिच्या काखेत पुस्तक खुपसलं. ग्रंथपालांच्या कपाळाला घाम फुटला. गठ्ठे रिकामे झाले. मावशींच्या वाट्याला उरलं ते शेवटचं, न वाचलेलं.

“हे ठेवू का रद्दीत?” ग्रंथपालांनी विचारलं.

“हात तर लावून बघा! माझ्या नावावर लिहा.”

घरी पोचेपर्यंत त्यांना कळून चुकलं होतं. नेलं म्हणजे परत करावं लागणार. न वाचता परत केलं, तर त्या मेल्या ग्रंथपालाचंच खरं झालं: वाचक नाही. त्यांनी दार लावून घेतलं, रागारागानं पहिलं पान उघडलं आणि डोळे भरून आले.

“आणि तुम्ही हो,” त्या लेखकाला म्हणाल्या, “सावकाश सांगा. मला काही घाई नाही.”