हॅलची तांदळाची पोती

जुन्या विमानातून तेल गळतं आणि हँगरमधून किस्से. तेलाखाली निदान ट्रे ठेवलेला असतो, किस्से मात्र नुसते साठत जातात. मी फारसा बोलत नाही, म्हणून जो तो मलाच येऊन सांगतो. आता माझ्याकडे इतके झालेत की थोडे कुठेतरी ओतायलाच हवेत.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी अमेरिकेत, फ्रिस्कोत टायरच्या दुकानात काम करतो. आईवडिलांबरोबर सोळाव्या वर्षी इथे आलो, शाळा काही जमली नाही, सोडली. शनिवारी तासभर ड्राइव्ह करून मी एका छोट्या एअरफील्डवर जातो. तिथे आम्ही काही जण दुसऱ्या महायुद्धातलं एक डकोटा मालवाहू विमान दुरुस्त करतो, हौस म्हणून. आमची बॉस रूथ. पंचाहत्तरी ओलांडलेली, जन्मभर विमानांची मेकॅनिक. मला तिथे नेलं शेजारच्या निकमकाकांनी. ते साताऱ्याचे, आयटीत मॅनेजर.

आणि हॅल. शंभरीला टेकलेला, व्हीलचेअरवर. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत तो अशाच विमानातून आसामहून बर्मात जायचा. खाली जंगलात जपान्यांशी लढणाऱ्या भारतीय फौजेपर्यंत रस्ता पोचत नव्हता. त्यांचं जेवण वरून टाकायचे. हॅलचं काम दारातून पोती ढकलण्याचं.

*

पोती हातांनी ढकलायची नसतात, हे आम्हाला हॅलने शिकवलं. दाराजवळ पाठीवर झोपायचं आणि दोन्ही पायांनी लाथ मारायची. हाताने ढकलणारा माणूस पोत्याबरोबर खाली जायचा.

निकमकाकांना हे करून बघायचंच होतं. विमान हँगरमध्ये उभं. इंडियन स्टोअरमधून बासमतीची मोठी पिशवी आणली, खाली गादी टाकली. काका आडवे झाले, "जय भवानी" म्हणाले आणि जोरात लाथ मारली.

पिशवी जागची हलली नाही. काकांचा बूट गादीवर जाऊन पडला.

हॅल गंभीरपणे म्हणाला, "खाली लोक जेवायला बसलेत, निकम. बूट काय शिजवून खाणार?"

*

आमच्याकडे एक नियम फार कडक आहे. इंजिन सुरू करायच्या आधी जमिनीवर खडा, स्क्रू, कागद, काहीही सुटं दिसता कामा नये. पंख्याने ते उडतं आणि कुणाचा तरी डोळा जातो. रूथ स्वतः वाकून बघते.

पहिल्यांदा इंजिन सुरू करायचं ठरलं त्या सकाळी रूथने जमीन तपासली, समाधानाने मान हलवली आणि कॉफी आणायला गेली. तेवढ्यात निकमकाकांनी विमानाच्या नाकासमोर नारळ फोडला.

आपल्या माणसाला यात काही चुकीचं वाटणार नाही. मलाही वाटलं नाही, मी तर हात जोडून उभा होतो.

रूथ परत आली. करवंटीचे तुकडे पार चाकांपर्यंत गेले होते. तिने फक्त बोटाने जमीन दाखवली. आम्ही सगळे रांगत तुकडे गोळा करायला लागलो. मग रूथने ते तुकडे टेबलावर जुळवून अख्खा नारळ होतो का ते बघितलं. एक तुकडा कमी होता. इंजिन त्या दिवशी सुरू झालं नाही.

तुकडा काकांच्या शर्टाच्या खिशात सापडला. प्रसाद म्हणून ठेवला होता.

*

हॅलला आपल्याकडचा एकच शब्द आठवतो, "और". आसामात पोती भरणारे हमाल एक पोतं टाकलं की विचारायचे, "और?" आणि हॅल म्हणायचा, "और." वृद्धाश्रमात कॉफी घेऊन येणाऱ्या मुलीलाही तो तेच म्हणतो. ती मेक्सिकोची आहे. तिला वाटतं हॅलला हिंदी येते.

*

हॅलला एक प्रश्न पडलेला आहे. तांदळाची पोती पॅराशूटशिवाय टाकायचे. एकात एक दोन पोती, म्हणजे आतलं फाटलं तरी बाहेरच्यात तांदूळ राहायचा. एवढ्या उंचीवरून येणारं पोतं म्हणजे दगडच. एकदा तळावर कुणीतरी सांगितलं की खाली एक माणूस पोत्याखाली सापडून गेला. कोणत्या विमानाचं पोतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून भारतीय माणूस दिसला की हॅल विचारतो, "आमची पोती तुमच्या माणसांना लागली का रे?"

गॅस स्टेशनवर विचारलं, डेंटिस्टला विचारलं. निकमकाकांच्या ऑफिसातला नुकताच आलेला एक मुलगा विमान बघायला आला होता, त्यालाही विचारलं. तो घाबरून म्हणाला, "सर, मी नागपूरचा आहे."

आम्ही हसलो. हॅल हसला नाही. मला म्हणाला, "कुणी 'नाही' म्हटलं तरी माझा विश्वास बसणार नाही, मला कळतं. पण विचारल्याशिवाय राहवत नाही."

*

विमान तयार झालं. पहिल्या फेरीत हॅलला न्यायचं असं रूथने ठरवलं. हॅलची मुलगी कॅरल तयार नव्हती. "डॉक्टर म्हणतात या वयात विमान धोक्याचं आहे."

हॅल म्हणाला, "या वयात मला केळंही धोक्याचं आहे. ते रोज देता की."

कॅरल रडली आणि मग तिनेच त्याच्या कोटाची बटणं लावली.

*

त्या दिवशी सगळे जेवण घेऊन आले होते. निकमकाकूंनी मसालेभात केला होता. त्यांची आई सहा महिन्यांसाठी गावाहून आली होती. आजी नव्वदीच्या पुढच्या, नऊवारीवर काकांचं जॅकेट. त्यांचे यजमान बर्माच्या लढाईत होते, हे काकूंनी बोलता बोलता सांगितलं आणि हॅलने माझा हात धरला.

मी आजींना हॅलचा प्रश्न विचारला. आजी म्हणाल्या, "मला काय माहीत, बाळा? लढाईचं घरात कधी बोललेच नाहीत."

मी हॅलला सांगितलं. त्याने मान हलवली, आणि आम्ही त्याला उचलून विमानात दाराजवळच्या सीटवर बसवलं.

विमान उडालं. वळून अगदी कमी उंचीवर आमच्या डोक्यावरून गेलं, जमीन थरथरली. आजी खुर्चीतून उठल्या. हातातली कागदी प्लेट त्यांनी डोक्यावर पालथी धरली.

"आई, अगं काय हे?" काकू म्हणाल्या. "लोक बघतायत."

"बघू दे. तुझे बाबा करायचे ते विसरलीस?"

"ते गंमत करायचे गं."

विमान लांब गेलं. आजींनी प्लेट उताणी केली, दोन्ही हातांनी पुढे धरली आणि म्हणाल्या, "चला, वाढा."

निकमकाका घास हातात धरून तसेच उभे राहिले.

हॅलला खाली उतरवल्यावर त्याने काही विचारायच्या आत मीच त्याची खुर्ची आजींपुढे नेली. आजींना म्हणालो, "परत करून दाखवता?"

त्यांनी दाखवलं. "गावावरून विमान गेलं की घरातल्या सगळ्यांनी ताट घ्यायचं. आधी डोक्यावर, मग हातात. एखादं पोर उठलं नाही तर हे चिडायचे. आणि आमच्याकडे भाकरीचं जेवण, पण ह्यांना पहिला भातच लागायचा. शेवटपर्यंत."

मी एक एक वाक्य इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी साधंच आहे, पण हे सांगायला पुरलं.

हॅल आजींकडे वाकला. मग त्याने त्यांच्या हातातली प्लेट घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. कॅरल म्हणाली, "डॅड?" त्याने हात वर करून तिला थांबवलं. थंड होणाऱ्या इंजिनांची टिकटिक थांबेपर्यंत तो तसाच बसून होता.

मग त्याने प्लेट उताणी केली आणि आजींपुढे धरली.

"और," तो म्हणाला.

आजींनी भात वाढला.